ताल सोडताना

डोंगर कसा उतरायचा, हे वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कुणी मला पहिल्यापासून शिकवेल असं वाटलं नव्हतं. तीस वर्षं सह्याद्रीत फिरते आहे. आमच्या पुण्यातल्या ट्रेकच्या ग्रुपमध्ये नवी मुलं आली की त्यांना घसाऱ्यावरून उतरवण्याचं काम बहुतेक वेळा माझ्याकडेच येतं. माझा मंत्र एकच. डोंगराला धरून राहा. भार मागे, टाचा रोवलेल्या, एक हात जमिनीजवळ, आणि वेळ पडली तर लाज सोडून बूड टेकायचं. दरीकडे झुकायचं नाही. दरी कुठे जात नाही.

जानेवारीत ऑस्ट्रियातल्या सेंट अँटन या गावी पाच दिवस स्की शिकायला गेले आणि हा मंत्र पहिल्याच उतारावर निकामी ठरला.

माझी भाची म्युनिकला नोकरी करते. चार हिवाळे ती स्कीवर आहे. तिच्याकडे महिनाभर राहायला जायचं ठरलं तेव्हाच तिने बजावलं, "मावशी, काचेआडून बर्फ बघत कॉफी प्यायला येणार असशील तर येऊ नकोस. शिक." मी बर्फ पाहिला होता तो गुलमर्गला, तोही स्लेजवर बसून. ओढणारा वेगळा, ढकलणारा वेगळा, आणि मी मध्ये पोत्यासारखी. त्या आठवणीची लाज होतीच. हो म्हटलं.

गाव मात्र मी निवडलं. भाचीचं मत निराळं होतं. सेंट अँटन अवघड आहे, तिथल्या निळ्या, म्हणजे सोप्या, उतारांना दुसरीकडे लाल रंग दिला असता, अशी स्कीवाल्यांत थट्टाच आहे. पण स्की ज्या पद्धतीने जगभर शिकवली गेली ती पद्धत याच आर्लबर्ग डोंगराच्या कुशीत घडली, असं मी वाचलं होतं. गाणं शिकायचं तर घराण्याच्या गावी जाऊन शिकावं, असं मी तिला म्हटलं. "तुला गाणं येत नाही, मावशी," ती म्हणाली. ते खरंच होतं.

म्युनिकहून कुफश्टाइनमार्गे इन्सब्रुक, तिथे गाडी बदलून लांडेक. लांडेकनंतर दरी अरुंद होते, गाडी ट्रिसाना नदीवरचा उंच पूल ओलांडते आणि चढू लागते. बर्फाने वाकलेली देवदाराच्या जातीची झाडं, लाकडी सज्जांची घरं, छपरांवर हात-हात जाडीचे पांढरे थर. सेंट अँटन १,३०४ मीटरवर आहे, म्हणजे राजगडाच्या बालेकिल्ल्याहून थोडं खालीच, असा हिशेब मी मनात करत होते, तोवर स्टेशन आलंसुद्धा. गाडी पुढे आर्लबर्गच्या बोगद्यात शिरली. दहा किलोमीटरहून लांब असा हा बोगदा १८८४ मध्ये खुला झाला. त्याआधी हिवाळ्यात पलीकडे जायचं तर खिंडीतून, जिवावर उदार होऊन.

भाड्याच्या दुकानात पहिला धक्का बुटांनी दिला. आपला ट्रेकिंगचा बूट घोट्याला जपतो, हा स्कीचा बूट घोट्याला कैद करतो. कडक प्लास्टिकचा, चार कड्यांचा, आणि मुळातच पुढे कललेला. तो घालून सरळ उभं राहताच येत नाही, गुडघे आपोआप वाकतात. दुकानातल्या मुलाने माझ्या नडगीवर बोट ठेवून सांगितलं, ही नडगी सतत बुटाच्या जिभेला टेकलेली हवी. तिथे वेदना झाली तर तुम्ही बरोबर उभ्या आहात. पोटऱ्या दुखल्या तर चुकीच्या. मी ते हसण्यावारी नेलं. पुढचे तीन दिवस माझ्या पोटऱ्या दुखत होत्या.

स्की मिळाल्या त्या दीड मीटर लांबीच्या. समोरून रुंद, मागे रुंद, मध्ये निमुळत्या. डमरू ओढून लांब करावा तशा. या कंबरेचं महत्त्व तेव्हा कळलं नाही.

शिकवणारे गुरुजी तरुण असतील अशी माझी कल्पना होती. आमच्या वाट्याला साठीच्या एक बाई आल्या. लाल जाकीट, उन्हाने रापलेला चेहरा आणि डोळ्यांभोवती गॉगलपुरती गोरी चौकट. वर्गात आम्ही सात जण होतो: एक डच जोडपं, तीन इंग्रज मैत्रिणी, एक हंगेरियन मुलगा आणि मी. पहिला दिवस गावाच्या टोकाला नासराइन भागातल्या जवळजवळ सपाट पटांगणावर गेला. शेजारी चार-चार वर्षांची पोरं बदकांच्या रांगेसारखी बाईंच्या मागे सरकत होती, काठ्यांशिवाय. पडली तर उठत होती. आमच्यातलं कुणी पडलं की सहा जण माफी मागत.

पहिला धडा थांबण्याचा. जर्मन भाषेत त्याला 'फ्लुग' म्हणतात, म्हणजे नांगर. स्कीची पुढची टोकं जवळ, मागची टोकं लांब, टाचा बाहेर ढकलायच्या. आजकाल मुलांना हे 'पिझ्झा' म्हणून शिकवतात, कापलेल्या तुकड्यासारखा आकार. मला नांगरच बरा वाटला. आतल्या कडा बर्फात घुसतात, बर्फ पुढे लोटला जातो, वेग मरतो. दुपारपर्यंत मला नांगर जमला. मांड्या भरून आल्या, पण थांबता येत होतं. थांबता येतं म्हटल्यावर माणूस धीट होतो.

दुसरा दिवस वळण्याचा. आणि खरी गंमत इथे सुरू झाली.

वळायचं म्हटल्यावर सगळेच वळू लागले, म्हणजे खांदे वळवू लागले, मान वळवू लागले. डच गृहस्थ तर दोन्ही हातांनी अदृश्य स्टिअरिंग फिरवत होते. स्की सरळच जात राहिल्या. बाईंनी शिट्टी वाजवून थांबवलं. डावीकडे जायचं तर उजव्या पायावर उभं राहा, त्या म्हणाल्या. बस, एवढंच. नांगरात उजवी स्की आधीच डावीकडे तोंड करून असते. तिच्यावर भार दिला की तीच तुम्हाला नेते. उलट उजवीकडे जायचं तर डाव्या पायावर. वळणाच्या बाहेरचा पाय काम करतो, आतला नुसता सोबत येतो.

सायकल, मोटर, बैलगाडी, आयुष्यात जे काही वळवलं ते वळायच्या बाजूला कललं किंवा ओढलं. इथे उलट. तरीही सपाटीवर ते जमलं. दोन तासांनी मी पटांगणावर आठाचे आकडे काढत होते आणि भाचीला फोटो काढायला लावत होते. बाई जवळ येऊन म्हणाल्या, छान. उद्या डोंगर.

तिसऱ्या दिवशी गोंडोल्याने आम्ही गाम्पनला गेलो, साडेअठराशे मीटरच्या आसपास. थंडी उणे आठ. रात्रभर यंत्रांनी सारखा केलेला बर्फ, कंगव्याने विंचरल्यासारख्या बारीक रेघा. समोर टिरोलचे डोंगर. पण मला दिसत होता तो फक्त उतार. खालून तो उतार वाटला नव्हता, वरून तो बुरूज वाटला.

उतारावर आडवं जाणं सोपं. स्कीच्या वरच्या बाजूच्या कडा बर्फात धरून ठेवतात, तुम्ही डोंगराला समांतर सरकत राहता, जसं आपण एखाद्या धारेखालच्या आडव्या वाटेने जातो. पण उतार अनंत रुंद नसतो. कडेला झाडं येतात, वळावंच लागतं. आणि वळायचं म्हणजे मध्ये एक क्षण असा येतो की स्कीची टोकं थेट खाली, पाणी ज्या रेषेने वाहील त्या रेषेत असतात. तेवढ्या क्षणात वेग वाढतो. वळण पुरं झालं की वेग पुन्हा उतरतो. पण पुरं होण्याआधी तो वाढणारच.

माझ्या देहाला हे मान्य नव्हतं. टोकं खाली वळू लागली की तीस वर्षांची सवय जागी व्हायची. भार मागे, टाचांवर, डोंगराकडे. बूड बर्फाच्या दिशेने. आणि भार मागे गेला की स्कीच्या पुढच्या भागावरचा दाब उडून जातो. पुढचा भागच वळण पकडतो, तोच हवेत असल्यासारखा. मग स्की वळत नाहीत, सरळ खाली सुटतात, जे टाळायला मी मागे झुकले नेमकं तेच. तीनदा झाडांच्या जाळीजवळ बसकण मारून थांबले. चौथ्यांदा डच बाईंना सोबत घेऊन.

शिकवणाऱ्या बाई वरून सावकाश आल्या. "तुम्ही डोंगराला मिठी का मारता?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, आमच्याकडे असंच उतरतात. "तुमच्याकडे बर्फ आहे?" नाही, दगड आहेत. त्या थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, "दगडावर तुम्ही थांबू शकता. इथे थांबायचं असेल तर आधी जावं लागतं." मग काठीने त्यांनी माझी खालची स्की ठोकली. "ही ताल-स्की. हिला सोडा."

'टाल' म्हणजे जर्मनमध्ये दरी. उतारावर आडवं उभं असताना दरीकडच्या बाजूची स्की ती 'टालस्की', डोंगराकडची ती 'बर्गस्की'. त्यांच्या तोंडून ते मला 'ताल' असंच ऐकू आलं आणि तसंच राहिलं. आडवं जाताना जवळजवळ सगळा भार या ताल-स्कीवर असतो. तीच तुम्हाला धरून ठेवते. ती धरून आहे तोवर तुम्ही सुरक्षित आहात, आणि ती धरून आहे तोवर तुम्ही वळू शकत नाही.

ताल सोडायचा? आमच्याकडे ताल सुटला की गवई फसला म्हणतात.

त्या दुपारी माझे पाय संपले होते. भाची वरच्या उतारांवर गेली आणि मी गावातल्या म्युझियममध्ये. १९१२ साली बांधलेल्या एका जुन्या हवेलीत ते आहे. लाकडी स्की, चामड्याचे पट्टे, जुनी छायाचित्रं. तिथे आणि रात्री भाचीने सोबत आणलेल्या एका पुस्तकात मला घराण्यांचं भांडण सापडलं. स्कीचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास बराचसा एकाच प्रश्नाभोवती फिरतो: वळणाला सुरुवात कुठून करायची?

नॉर्वेत स्की हजारो वर्षं होत्या, पण तिथले डोंगर बुटके, लांबट. टेलेमार्क प्रांतातल्या मोर्गेदालचे सोंद्रे नोरहाइम यांनी १८६८ मध्ये राजधानी क्रिस्तियानियाला येऊन आपली वळणं दाखवली. स्कीवरच्या वळणांना आजही 'टेलेमार्क' आणि 'क्रिस्तियानिया' ही गावाप्रांतांची नावं आहेत, आपल्याकडे घराण्यांना असतात तशी. क्रिस्तियानिया शहराचं पुढे ओस्लो झालं, वळणाचं नाव तेच राहिलं.

१८८८ मध्ये नॉर्वेचेच संशोधक नानसेन स्कीवरून ग्रीनलँड आडवं पार करून गेले. त्यांचं पुस्तक वाचून माथियास झ्दार्स्की नावाच्या ऑस्ट्रियन माणसाने नॉर्वेहून स्की मागवल्या आणि लिलियनफेल्डच्या आपल्या डोंगरावर त्या घालून पाहिल्या. लांबलचक स्की आणि नॉर्वेची तंत्रं आल्प्सच्या खड्या उतारावर चालेनात. झ्दार्स्कींनी स्की आखूड केल्या, पाय पक्का धरणारं धातूचं बंधन केलं, एकच लांब काठी हाती घेतली आणि १८९६ मध्ये उतारावर वळायची रीत सांगणारं पुस्तक काढलं. त्यांची युक्ती साधी होती. ताल-स्की धरून ठेवायची. ती धरून असतानाच वरची, बर्गस्की, टाच बाहेर काढून तिरपी टाकायची, नव्या दिशेने. मग भार तिच्यावर न्यायचा. इंग्रजीत याला 'स्टेम' म्हणतात.

हे वाचताना मी उठून बसले. हे तर मला माहीत होतं. कातळ चढताना तीन टेकू पक्के असल्याशिवाय चौथा हलवायचा नाही, एक पकड सोडण्याआधी दुसरी धरायची, हे आम्ही पहिल्या दिवशी शिकवतो. झ्दार्स्कींचं वळण म्हणजे तेच. आधाराविना एक क्षणही नाही.

मग हान्नेस श्नायडर आले. १८९० मध्ये खिंडीपलीकडच्या श्टूबन गावात जन्मलेले, रस्त्याची देखभाल करणाऱ्या माणसाचा मुलगा. १९०७ मध्ये सेंट अँटनच्या हॉटेल पोस्टने त्यांना पाहुण्यांना स्की शिकवायला ठेवून घेतलं. त्यांनी स्टेम घेतला आणि त्याचा वेग वाढवला. खोल बसकण, वरची स्की बाहेर, मग अंग वर उचलत झटक्याने दुसरी स्की तिला आणून मिळवायची. सुरुवात नांगराची, शेवट समांतर. आणि दुसरं मोठं काम त्यांनी केलं ते शाळेचं. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी गावात स्कीची शाळा काढली आणि शिकणाऱ्यांचे इयत्तावार वर्ग पाडले: आधी नांगर, मग नांगरातलं वळण, मग स्टेम, मग स्टेम-क्रिस्तियानिया. एक जमल्याशिवाय पुढचं नाही. आमचा सात जणांचा वर्ग त्याच इयत्तांमधून चालला होता. १९३१ मध्ये आर्नोल्ड फांक यांनी आर्लबर्गवर एक चित्रपट काढला. त्यात लेनी रीफेनश्टाल ही स्की शिकायला आलेली धडपडी मुलगी आणि श्नायडर स्वतः तिला शिकवणारे. जपाननेही त्यांना १९३० मध्ये बोलावून नेलं होतं.

फ्रेंच घराणं उठलं ते या नांगराविरुद्ध. ऑस्ट्रियाचेच टोनी झेलोस स्टेम न टाकता, दोन्ही स्की जोडून वळत आणि शर्यती जिंकत. त्यांच्याकडून शिकलेले मेजेव्हचे एमिल आले यांनी १९३७ च्या शामोनीच्या जागतिक स्पर्धा गाजवल्या आणि पद्धतच मांडली: नांगर हवाच कशाला? खांदे वळणाच्या दिशेने फिरवा, पाय मागोमाग येतील. मग १९५० च्या दशकात आर्लबर्गनेच उत्तर दिलं. खिंडीतल्या सेंट क्रिस्टॉफला श्टेफान क्रुकनहाउझर हे शिक्षकांना शिकवत. छायाचित्रकारही होते, चांगल्या स्कीवाल्यांचे फोटो काढून ते पाय-खांदे न्याहाळत. त्यांना दिसलं की उत्तम वळणाऱ्याचे खांदे मुळी फिरतच नाहीत, उलट दरीकडे तोंड करून शांत राहतात, वळतात ते पाय. त्यातून 'वेडेल्न' आलं, कुत्र्याने शेपूट हलवावी तशी छोट्या वळणांची साखळी. आणि १९९० च्या दशकात स्कीचीच कंबर आणखी बारीक झाली. अशी स्की नुसती कडेवर कलती केली आणि भार दिला की धनुष्यासारखी वाकते आणि स्वतःच कमानीत जाते. ढकलायचं नाही, फिरवायचं नाही. नुसतं कलायचं. माझ्या डमरूचा अर्थ तेव्हा लागला.

हे सगळं ओळीने मांडलं की एक गोष्ट लख्ख दिसते. ताल-स्की सोडण्याआधी हातात काय खात्री असावी, याचं हे शंभर वर्षांचं भांडण आहे. झ्दार्स्की म्हणतात, दुसरा पाय आधी टाका. श्नायडर म्हणतात, टाका, पण लगेच मिटवा. आले म्हणतात, पाय टाकू नका, खांद्यांची फिरकी पुरे. क्रुकनहाउझर म्हणतात, खांदेही नकोत. आणि आजची स्की म्हणते, काहीच नको. प्रत्येक पिढीने टेकू थोडा थोडा काढून घेतला. सोडायचं मात्र प्रत्येकाने. ते कुणालाच टाळता आलं नाही.

श्नायडरांना दरीही सोडावी लागली. नाझींना त्यांचा विरोध होता. १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला त्याच दिवसांत त्यांना अटक झाली. अमेरिकन बँकर हार्वे गिब्सन यांच्या खटपटीने सुटका झाली आणि १९३९ मध्ये ते न्यू हँपशायरमधल्या नॉर्थ कॉनवेला पोचले. तिथल्या टेकडीवर पुन्हा शाळा, पुन्हा नांगरापासून. १९५५ मध्ये ते तिथेच वारले.

चौथ्या दिवशी बाईंनी आम्हाला बसमध्ये घातलं आणि सेंट क्रिस्टॉफला नेलं. जवळजवळ अठराशे मीटरवरच्या खिंडीतलं चार इमारतींचं गाव. १३८६ मध्ये हाइनरिश फिंडेलकिंड नावाच्या एका गुराख्याने बर्फात सापडणाऱ्या वाटसरूंसाठी इथे आसरा बांधला. आडनावाचाच अर्थ 'सापडलेलं मूल'. मूळ वास्तू उरली नाही, पण त्या जागी आज हॉटेल आहे आणि क्रुकनहाउझर ज्या संस्थेत शिकवत तीही जवळच. उतार मवाळ, मोकळे, कडेला झाडं नाहीत.

तिथे बाईंनी आम्हाला वळायला सांगितलंच नाही. उतारावर आडवं उभं केलं आणि म्हणाल्या, घसरा. सरळ खाली नाही, आडवेच, कुशीवर घसरल्यासारखे. कसं? दोन्ही स्की कडांवर उभ्या आहेत, त्या थोड्या चपट्या करा. घोटे दरीकडे सैल सोडा. मी सोडले. काहीच झालं नाही, कारण मी सोडले नव्हते. पुन्हा. अंगठ्याएवढी घसरले आणि घाबरून कडा पुन्हा रोवल्या. पुन्हा. दहाव्या वेळी बर्फ खरखरत पायाखालून गेला, मी हातभर खाली सरकले आणि कडा हलकेच उचलून थांबले. स्वतः ठरवून घसरले, स्वतः ठरवून थांबले.

घसारा! मला एकदम हसू आलं. घसाऱ्यावर बुटाखालची मुरूम-माती सुटते तेव्हा असंच होतं. फक्त तिथे घसरणं हा अपघात असतो, इथे तो अभ्यास होता. पाऊण तास आम्ही नुसते घसरलो. हंगेरियन मुलगा कंटाळून गेला. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत लांब, सर्वांत मुद्दाम केलेला घसारा.

मग बाई म्हणाल्या, आता आडव्या जा. वरची स्की थोडी उघडा, श्नायडरसारखी. आणि आत्ता घसरलात तशी ताल-स्की चपटी करा. वळू नका. वळण होऊ द्या. नडगी बुटाला, हात समोर, छाती दरीकडे.

आडवी निघाले. बर्गस्कीची टाच बाहेर काढली. खालच्या पायाखालची कड जरा मोकळी केली. टोकं स्वतःहून, कुणी हलकेच कान धरून वळवावा तशी, खाली वळली. वेग आला. पोटात खड्डा पडला, बूड मागे जायला निघालं, आणि दुखती नडगी मी बुटावर दाबून धरली. समोर सगळी दरी उघडी. नंतर बाहेरच्या स्कीची आतली कड धरली, तिने ओढून मला कमानीत नेलं, आणि मी पलीकडच्या दिशेने आडवी चालले होते. पाय बदलले होते. मघाची बर्गस्की आता ताल झाली होती, ताल बर्ग झाली होती. तीच मला धरून होती जिच्यावर आत्ता विश्वास ठेवला होता.

"टाललल!" बाई वरून ओरडल्या. पुढचं वळण आलं होतं. सोडायची वेळ पुन्हा.

दहा-बारा वळणं झाली असतील. सलग. खाली थांबले तेव्हा मागे वळून पाहिलं. बर्फावर माझ्या वळणांची माळ होती, वेडीवाकडी, मध्ये एका जागी बसकण मारल्याचा गोल खळगा. डच बाई टाळ्या वाजवत होत्या. त्या दिवशी संध्याकाळी माझ्या पोटऱ्या दुखल्या नाहीत. नडग्या दुखल्या.

पाचवा दिवस मला जमिनीवर आणण्यासाठी होता. सकाळी ढग खाली उतरले. बर्फ आणि आभाळ एकच झालं, उंचवटा कळेना, खड्डा कळेना. कालच्याच उतारावर मी पुन्हा डोंगराला मिठी मारली. दोनदा बाइंडिंग सुटून स्की वेगळी झाली, एकदा ती माझ्यापुढे पन्नास पावलं निघून गेली. भाची ती आणायला गेली आणि परत येऊन गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "मावशी, सोडायची म्हणजे एवढी नाही." कशीबशी दोन-तीन वळणं जमली. बाईंनी निरोपाला हात दिला आणि म्हणाल्या की कालची वळणं खरी होती, आजची भीतीही खरी आहे. पुढच्या वर्षी दोन्ही घेऊन या.

परतीच्या गाडीत मी भाचीला विचारलं, तुला ही भीती वाटत नाही का? "दर वळणाला वाटते," ती म्हणाली. "फक्त आता ती संपायच्या आत वळण संपतं."

फेब्रुवारीच्या अखेरीला पुण्यात परतले. मार्चमध्ये आमचा ग्रुप राजगडला गेला. चोर दरवाजाच्या वाटेने उतरताना मुरमाड टप्प्यावर एक कॉलेजची मुलगी मध्येच अडकली. ताठ उभी, पांढरी पडलेली, पायाखालून खडे सुटताहेत. "काकू, कसं उतरू?"

क्षणभर मी गप्प राहिले. माझे गुडघे नकळत वाकले होते, नडग्या बुटाला टेकल्या होत्या, छाती दरीकडे वळली होती. गुंजवणे गाव खाली उन्हात दिसत होतं. पायाखालचा एक खडा सुटला, टणटणत बराच वेळ खाली जात राहिला.

"बूड टेक," मी म्हटलं. "आणि डोंगराला धरून उतर."